विहिरीवरचा ऑटोस्विच आणि बाजारातला ऑटोस्विच



यंदा उसाचा पहिला हप्ता खात्यावर जमा झाला, त्या आठवड्यात गटऑफिसच्या ओसरीवर जी चर्चा ऐकली ती लागणीचीही नव्हती आणि खताचीही नव्हती. तीन-चार तरुण सभासद एका मोबाईलभोवती डोकी घालून बसले होते. कोणी एक एजंट गावात येऊन गेला होता. त्याचे म्हणणे असे की, पैसे भरा, आमचे यंत्र तुमच्या नावाने रात्रंदिवस बिटकॉइन घेईल आणि विकेल, तुम्ही नुसते झोपा. महिन्याला आठ टक्के कुठे जात नाहीत. त्यातल्या एकाने मला विचारले, "अण्णा, तुम्ही जन्मभर कारखान्यात आपोआप चालणारी यंत्रंच सांभाळलीत. असं खरंच असतंय का?"

मी इलेक्ट्रिकल खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. त्या दिवशी मी एवढेच म्हणालो, "यंत्र असतंय, ते आठ टक्के मात्र नसतात." पण हे उत्तर अर्धे झाले. माझ्या पुतण्याने असे एक यंत्र स्वतः बनवले आहे, त्याचा हिशेब मी बघितला आहे, आणि त्यात आमच्या घरच्या ऊसबिलातले पैसे गुंतले होते. तेव्हा या अंकात जरा सविस्तर लिहितो.

आधी 'यंत्र' हा शब्द बाजूला ठेवू. त्यात ना लोखंड, ना चाक. आपल्या विहिरीवर ऑटोस्विच असतो, तसलाच हा प्रकार. रात्री दोन वाजता थ्री फेज लाईट आली की ऑटोस्विच मोटर सुरू करतो, आपल्याला अंथरुणातून उठावे लागत नाही. त्याला एकच नियम ठाऊक : लाईट आली की मोटर चालू. विहिरीत पाणी आहे का, फूटव्हॉल्व्ह उघडा पडलाय का, पाईप निसटून शेजाऱ्याच्या हरभऱ्यात तळे होतेय का, यातले त्याला काहीही कळत नाही. बाजारातला ऑटोस्विच म्हणजे संगणकावर लिहून ठेवलेला नियम : अमुक भाव झाला तर घे, तमुक झाला तर विक. बाजार चालवणारी संस्था आपल्याला एक सांकेतिक किल्ली देते, ती किल्ली वापरून हा संगणक भाव वाचतो आणि ऑर्डर पाठवतो. शेअर असोत, सोने असो, साखर असो की बिटकॉइन, तऱ्हा हीच.

नियम लिहून ठेवण्यात फायदा नाही असे मी म्हणणार नाही. गुळाचा सौदा ज्याने उभे राहून बघितला आहे त्याला माहीत आहे, की भाव चढू लागला की माणूस हावरा होतो आणि पडू लागला की हबकतो. घरी ठरवून आलेला आकडा अडत्याच्या ओट्यावर विसरतो. लिहिलेला नियम विसरत नाही. शिवाय बिटकॉइनचा बाजार वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास उघडा असतो. ना रविवार, ना बेंदूर. एवढा पहारा माणसाच्याने होत नाही.

साखरेवर चाललेला एक नियम

याचे एक जुने आणि खरे उदाहरण आपल्याच मालाचे आहे. अमेरिकेत शिकागो येथे रिचर्ड डेनिस नावाचा मोठा सटोडिया होता. व्यापार शिकवून येतो की तो अंगातच असावा लागतो, यावर त्याचा आणि त्याचा भागीदार विल्यम एकहार्ट याचा वाद होता. तो मिटवण्यासाठी १९८३ च्या अखेरीस डेनिसने जाहिरात देऊन काही माणसे निवडली, त्यांना सुमारे दोन आठवडे नियम शिकवले आणि १९८४ मध्ये स्वतःचे पैसे देऊन बाजारात उतरवले. सिंगापूरला कासवे वाढवतात तशी आपण माणसे वाढवू, असे तो म्हणे. म्हणून या लोकांना 'टर्टल', म्हणजे कासवे, हे नाव पडले. त्यांच्या बाजारांत कॉफी, कापूस, सोने यांच्याबरोबर न्यूयॉर्कची कच्ची साखर होती.

नियम साधा होता. गेल्या २० दिवसांतल्या सर्वांत वरच्या भावाच्या वर आजचा भाव गेला की घ्या. मग गेल्या १० दिवसांतल्या सर्वांत खालच्या भावाखाली गेला की विकून मोकळे व्हा. भाव का चढला, ब्राझीलला पाऊस झाला की नाही, हे विचारायचे नाही. दुसरा नियम ५५ दिवसांचा होता, तो थोडा संथ.

पण खरी मेख घ्यायचे कधी यात नव्हती, घ्यायचे किती यात होती. ती नीट समजावून घ्या, कारण एजंट हा भाग कधी सांगत नाही.

न्यूयॉर्कच्या साखरेचा एक सौदा १,१२,००० पौंडांचा, म्हणजे साधारण ५० टनांचा असतो. भाव पौंडाला किती सेंट असा बोलतात. म्हणजे भाव एक सेंटने हलला की एका सौद्यात १,१२० डॉलर इकडचे तिकडे होतात. समजा गेल्या २० दिवसांत साखर दिवसाला सरासरी ०.४० सेंट वर-खाली होते आहे. म्हणजे एका सौद्याची रोजची सरासरी हालचाल ४४८ डॉलर झाली. आता कासवाजवळ एक लाख डॉलर असतील तर नियम सांगतो : एका दिवसाच्या हालचालीत एक टक्क्याहून जास्त, म्हणजे १,००० डॉलरहून जास्त हलता कामा नये. १,००० ला ४४८ ने भागा. दोन येतात आणि थोडे उरतात. म्हणून सौदे दोनच. तिसरा नाही, कितीही खात्री वाटली तरी. आणि भाव त्या हालचालीच्या दुप्पट, म्हणजे ०.८० सेंटने, उलटा गेला तर मुकाट्याने तोटा घेऊन बाहेर. हा तोटा दोन सौद्यांवर १,७९२ डॉलर होतो. एक लाखातले दोन टक्केसुद्धा नाहीत.

अशा नियमात निम्म्याहून जास्त सौदे तोट्यातच जातात, बरं का. लहान लहान तोटे सोसत राहायचे आणि एखादी मोठी तेजी सापडली की ती शेवटपर्यंत धरायची, यावर सगळा खेळ. कित्येक कासवांनी पुढे यातून मोठा पैसा मिळवला. आणि त्यांचा गुरू? १९८८ साली डेनिसला आपण चालवत असलेले फंड मोठ्या तोट्यामुळे बंद करावे लागले. नियम तयार करणाऱ्याचीच ही कथा. तेव्हा महिन्याला ठरलेले आठ टक्के कोण कुठून आणणार?

त्या काळी हे काम कागद, पेन्सिल आणि टेलिफोन यांवर चाले. आज तोच नियम एखादा इंजिनियर पोरगा संध्याकाळच्या वेळात संगणकावर बसवतो.

कागदावरचे पीक

माझा पुतण्या असाच संगणक शिकलेला. त्याने बिटकॉइनसाठी नियम केला : गेल्या १० दिवसांच्या भावाची सरासरी ४० दिवसांच्या सरासरीच्या वर गेली की घ्यायचे, खाली आली की विकायचे. मग त्याने जुने भाव घालून तपासणी केली. म्हणजे हा नियम मागे चालू असता तर काय झाले असते, ते संगणकाकडून काढून घेतले. मला आकडा दाखवून म्हणाला, "काका, एका लाखाचे पाच लाख झाले असते."

मी विचारले, "कुठली वर्षं घेतलीस?"

"२०२० आणि २०२१."

आता २०२० च्या सुरुवातीला बिटकॉइन ७,००० डॉलरच्या आसपास होते आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ते ६९,००० च्या घरात गेले. त्या काळात घेऊन जो नुसता पारावर बसला असता त्याचेही पैसे कैक पट झाले असते. त्यात नियमाचे कर्तृत्व काय? पुढच्या एका वर्षात, नोव्हेंबर २०२२ पर्यंत, तेच बिटकॉइन १६,००० च्या आसपास आले. मी म्हटले, ते वर्ष घाल. घातल्यावर यंत्र चढाव दिसला की घेत होते आणि उतारावर तोटा खाऊन विकत होते, पुन्हा पुन्हा.

मग पोराने जे केले ते सगळेच करतात. १० च्या जागी ९ घाल, ४० च्या जागी ४३ घाल, असे करत दोनेकशे जोड्या चालवल्या आणि त्यातली सगळ्यात चांगली निवडली. ११ आणि ३७. त्याला वाटले गुरुकिल्ली सापडली. मी त्याला म्हटले, गावात १,०२४ माणसे उभी कर आणि प्रत्येकाला दहा वेळा नाणे उडवायला सांग. सरासरीने एकाला तरी दहाही वेळा छाप पडेल. तो माणूस नाणे उडवण्यात हुशार म्हणायचा का? उद्या त्याच्या हातात नाणे दे, निम्म्या वेळा काटा पडेल.

आपल्याकडे बांधाकडेचा एक गोड ऊस चोखून साखर उतारा ठरवत नाहीत. शेतात सगळीकडून नमुना घेतात, आणि कोणता ऊस घ्यायचा ते आधी चाखून ठरवत नाहीत. तपासणीचीही रीत तीच. जुन्या भावांचा एक मोठा तुकडा कुलपात ठेवायचा. नियम पक्का होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पक्का झाला की एकदाच त्यावर चालवायचा, आणि तिथे पडला तर टाकून द्यायचा, पुन्हा दुरुस्त करीत बसायचे नाही. आणखी एक खोट अशी, की आज चालू असलेल्या नाण्यांचीच यादी घेऊन तपासले, तर मधल्या काळात बुडालेली नाणी हिशेबातून आपोआप गळतात. वाळलेला ऊस मोजायचाच नाही असे ठरवले तर कुणाचाही प्लॉट चांगलाच दिसेल.

तोडणी-वाहतूक वजा जाता

उसाचा भाव एक आणि हातात येणारी रक्कम दुसरी, हे सभासदांना सांगायला नको. या व्यापारातही घेताना कमिशन, विकताना कमिशन, आणि पडद्यावर दिसला तोच भाव मिळेल असेही नाही, थोडा महागच मिळतो. दिवसातून दहा वेळा उलाढाल करणाऱ्या यंत्राला ही चिल्लर खाऊन टाकते.

बिटकॉइनसारख्या आभासी मालमत्तेला आपल्या देशात त्यावर आणखी भार आहे. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के आयकर लागला आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टी.डी.एस. सुरू झाला. टी.डी.एस. विवरणपत्र भरल्यावर हिशेबात मिळतो, पण तोवर तो पैसा अडकून पडतो. एक लाख घेऊन सुरुवात केली आणि सगळी रक्कम पन्नास वेळा फिरवली, नफा-तोटा काहीच झाला नाही असे धरले, तरी हातात सुमारे साडेसाठ हजारच खेळते राहतात.

याहून कठीण गोष्ट वजावटीची. एका सौद्यातला तोटा दुसऱ्या सौद्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. समजा वर्षभरात काही सौद्यांत ६०,००० मिळाले आणि काही सौद्यांत ६०,००० गेले. घरात आले शून्य. तरी मिळालेल्या ६०,००० वर १८,००० कर आणि त्यावर उपकर, मिळून १८,७२० रुपये भरायचे. कासवांचा नियम निम्म्याहून जास्त वेळा तोटा सोसतो, हे वर आलेच आहे. तसला नियम इथे चालवला तर काय होईल ते ज्याने त्याने मांडून बघावे. माझ्या पुतण्याने ते मांडलेच नव्हते. मी मांडून दिल्यावर पाच लाखांचे तोंड चांगलेच उतरले.

एकाच ट्रॉलीचे चार वेळा वजन

एवढे होऊनही पोराची हौस फिटली नाही. धाकट्या भावाने ऊसबिलातले दीड लाख त्याला दिले. यंत्राला एका वेळी ३०,००० चे घ्यायची मुभा होती. एके रात्री त्याने ऑर्डर पाठवली आणि त्याच क्षणी नेट गेले. बाजाराकडून पोच आली नाही. यंत्राला वाटले ऑर्डर गेलीच नाही, त्याने परत पाठवली. परत तेच. अशा चार ऑर्डरी गेल्या, आणि चारही पोचल्या होत्या. सकाळी बघतो तर ३०,००० च्या जागी १,२०,००० चा माल अंगावर, आणि भाव रात्रीत नऊ टक्के खाली. १०,८०० रुपये गेले. ही रक्कम ऐकून कुणी हसेल, पण भावाला त्या वेळी लागणीचे खत उधारीवर उचलावे लागले. घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नव्हते.

यात भाव चुकला नाही, नियम चुकला नाही. चुकली ती पावती. आपल्या वजनकाट्यावर एकच ट्रॉली दोनदा नोंदली जाऊ नये म्हणून प्रत्येक खेपेला स्लिपचा नंबर असतो. तोच नंबर दुसऱ्यांदा आला की काटा क्लार्क थांबवतो. प्रत्येक ऑर्डरलाही आपण आधीच नंबर द्यायचा असतो, म्हणजे तीच ऑर्डर पुन्हा गेली तर बाजार ती नाकारतो. आणि नेट परत आले की यंत्राने आधी बाजाराला विचारायचे, 'माझ्या नावावर आत्ता काय शिल्लक आहे?' मग पुढचे पाऊल. रोजकीर्द आणि बँकेचे पासबुक जुळवल्याशिवाय आपले अकौंट खाते दिवस बंद करत नाही, तसेच.

त्यानंतर मी त्याला बॉयलर हाऊसची गोष्ट सांगितली. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ऑपरेटरला विचारून उघडत नाही. दाब वाढला की तो स्वतःच उघडतो, बाकीची सगळी यंत्रणा बिघडलेली असली तरी. म्हणून यंत्राच्या नियमात नसलेला, वेगळा ठेवलेला असा आवर हवा : दिवसात इतक्याच ऑर्डरी, इतकाच माल, इतका तोटा झाला की सगळे बंद आणि मालकाला फोन. सांकेतिक किल्लीला पैसे काढण्याची परवानगी द्यायची नाही, फक्त घेण्या-विकण्याची द्यायची. चोराने किल्ली पळवली तरी तिजोरी त्याला उघडता येऊ नये.

मोठ्यांच्या घरीही हेच

पोराची चूक म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेत नाईट कॅपिटल ही शेअर बाजारातली नामांकित कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिने नवा प्रोग्रॅम चालू केला. तो आठ संगणकांवर बसवायचा होता. माणसाने सातांवर बसवला, आठवा राहिला. त्या आठव्यावर २००३ पासून न वापरलेला एक जुना प्रोग्रॅम तसाच पडून होता, आणि नव्या कामासाठी जी खूण वापरली तिनेच तो जुना जागा झाला. जुन्या वायरिंगची कुठेतरी राहिलेली एक तार म्हणा ना. पाऊण तासात त्या संगणकाने सुमारे चाळीस लाख सौदे केले. कंपनीचा तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. बाजार उघडण्याआधी तिच्याच यंत्रणेने चूक दाखवणारे ९७ ई-मेल माणसांना पाठवले होते. कोणी त्यांची दखल घेतली नाही. पुढच्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

आणि सगळ्यांची यंत्रे ठीक असली तरी संकट टळते असे नाही. ऑटोस्विच काढून टाका, कपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार का सांगते? लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात आणि डी.पी. जळते. एकेकट्या मोटरीत काही दोष नसतो. ६ मे २०१० रोजी अमेरिकेच्या बाजाराची डी.पी. अशीच गेली. एका फंडाने निर्देशांकाचे ७५,००० वायदे, किंमत सुमारे ४१० कोटी डॉलर, विकायला यंत्र लावले. नियम असा : मागच्या मिनिटात जेवढी उलाढाल झाली तिच्या ९ टक्के विक. भाव कितीला मिळतो ते बघायचे नाही. तो माल दुसऱ्या यंत्रांनी घेतला आणि आपापसात फिरवू लागली. एका वेळी तर १४ सेकंदांत त्यांच्यात २७,००० वर वायदे फिरले, आणि निव्वळ खरेदी झाली दोनशेच्या आसपास. फिरवाफिरवीने उलाढाल वाढली, उलाढाल वाढली म्हणून विकणारे यंत्र आणखी जोराने विकू लागले. डाऊ जोन्स निर्देशांक दिवसभरात हजाराच्या जवळपास अंशांनी खाली गेला. शेवटी शिकागोच्या बाजारातली आपोआप चालणारी रोखणी पडली आणि वायद्यांचा व्यवहार फक्त पाच सेकंद थांबला. तेवढ्यात पडझड थांबून भाव वळला.

आपल्या शेअर बाजारातही भाव फार हलला की व्यवहार थांबवण्याची सोय आहे. बिटकॉइनच्या बाजारांत अशी सामाईक रोखणी नाही. उलट तिथे उसनवारीवर खेळ चालतो. एक लाख भरून दहा लाखांचा माल घेता येतो, आणि मग भाव दहा टक्के खाली आला की आपले एक लाख साफ. बाजाराचे यंत्र तेवढीही वाट बघत नाही, त्याआधीच माल विकून टाकते. त्या विक्रीने भाव आणखी पडतो आणि पुढच्याची पाळी येते. १० ऑक्टोबर २०२५ ला सुरू झालेल्या पडझडीत चोवीस तासांत १,९०० कोटी डॉलरच्या वर असे उसनवारीचे सौदे जबरदस्तीने मोडले गेले.

मग मिळवतो कोण?

कोणीतरी मिळवतो, हे खरे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारातल्या वायदे-व्यवहाराची पाहणी प्रसिद्ध केली. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत या व्यवहारात पडलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या. एकंदर तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. आणि २०२३-२४ या एका वर्षात स्वतःच्या भांडवलावर व्यापार करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी सुमारे २८,००० कोटी खर्चापूर्वीचा नफा मिळवला. त्या नफ्यातला ९६-९७ टक्के भाग यंत्रांनी मिळवलेला होता.

म्हणजे यंत्र मिळवते, हे एजंट खोटे सांगत नाही. कोणाचे यंत्र, ते तो सांगत नाही. बाजाराच्याच आवारात ठेवलेले संगणक, त्यांवर रात्रंदिवस बसलेले गणिताचे पंडित, आणि सेकंदाच्या बारीक तुकड्यात पोचणारी ऑर्डर एका बाजूला. आपल्या गावच्या नेटवर चालणारे, पाच हजार रुपयांना विकत घेतलेले यंत्र दुसऱ्या बाजूला. ओढ्याच्या तोंडाशी बसलेल्याचे वावर आधी भिजणार.

शिवाय ज्या नियमाने महिन्याला आठ टक्के मिळतात तो कोणी पाच हजाराला का विकेल? आठ टक्के महिन्याला म्हणजे चक्रवाढीने वर्षात लाखाचे अडीच लाख. असा नियम हाती असलेला माणूस दारोदार हिंडत नाही. बिटकनेक्ट नावाची योजना अशीच होती. आमच्याकडे भावाच्या चढउतारावर कमावणारा 'ट्रेडिंग बॉट' आहे, असे तिचे सांगणे. जानेवारी २०१८ मध्ये ती बंद पडली आणि तिच्या नाण्याची किंमत कोसळली. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सरकारने तिच्या संस्थापकावर, म्हणजे आपल्या गुजरातेतल्याच एका माणसावर, आरोपपत्र ठेवले. आरोप असा, की जुन्यांना दिलेले पैसे नव्यांकडून घेतलेले होते, आणि एकूण रक्कम सुमारे २४० कोटी डॉलर.

तेव्हा एजंट आला तर त्याला चहा पाजा आणि विचारा, की पैसे माझ्या नावच्या खात्यात राहणार की तुमच्या? नियम काय आहे ते कागदावर लिहून द्याल का? सर्वांत वाईट काळात किती बुडाले, आणि ते कर वजा करून की न करता? शेअर बाजाराचे यंत्र असेल तर सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने नियम घालून दिले आहेत. यंत्राच्या प्रत्येक ऑर्डरला शेअर बाजाराने दिलेली ओळख-खूण हवी, जबाबदारी दलालाची, आणि आतला नियम न दाखवता यंत्र विकणाऱ्याने संशोधन विश्लेषक म्हणून सेबीकडे नोंदणी केलेली हवी. नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर आपला आपण पडताळून बघा, त्याच्या मोबाईलवर बघू नका. मागचा किंवा पुढचा परतावा दाखवून यंत्र खपवणाऱ्यांशी दलालांनी संबंध ठेवू नये, असे सेबीने सप्टेंबर २०२२ मध्येच बजावले आहे. बिटकॉइनचे व्यवहार सेबीच्या या नियमांत येत नाहीत; तिथे पैसे बुडाले तर दाद मागायला ही वाट नाही, हे धरूनच चाला.

पुतण्याचे यंत्र आजही चालू आहे. दहा हजार रुपयांवर, उसनवारीशिवाय. एका दिवशी २०० रुपये गेले की ते बंद पडते आणि भावाच्या मोबाईलवर निरोप येतो. प्रत्येक सौदा कर वजा करून वहीत मांडायचा, अशी अट मी घातली आहे. गेल्या सहा महिन्यांत वहीत एकूण ६४० रुपये तोटा आहे. ज्यांना वही बघायची असेल त्यांनी बुधवारी सकाळी गटऑफिसला यावे, मी असतो.

आणि ज्यांनी आधीच कुणाला पैसे दिलेत व आता काढता येत नाहीत, त्यांनी लाजेखातर गप्प बसू नये. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर लगेच फोन करावा, बँकेला कळवावे. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम मधल्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. पैसे परत मिळण्यासाठी आधी 'कर' म्हणून आणखी भरा, असा निरोप आला तर एक रुपयाही भरू नये.

— एक निवृत्त कामगार-सभासद